हंसाची जबानी

विदर्भराजांची राजधानी म्हणून महाभारतात आणि भागवतात ज्या कुंडिनपुराचे नाव येते, आणि वर्धा नदीच्या पश्चिम तीरावर, अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वसलेले आजचे कौंडण्यपूर म्हणजेच ते नगर असे परंपरा निःशंकपणे सांगत आली आहे, त्या नगराच्या वाट्याला दोन राजकन्या आल्या. आणि त्या दोघींच्या चरित्रांत एक साम्य असे आहे की ज्याच्याकडे कथेकऱ्यांचे व टीकाकारांचे लक्ष जावे तितके गेलेले दिसत नाही. दमयंतीचे मन नलावर जडले ते त्याला पाहण्याआधी, आणि रुक्मिणीने श्रीकृष्णाला मनोमन वरले तेही त्याचे दर्शन घडण्याआधी. एकीच्या उपवनात हंस उतरला आणि त्याने निषधाच्या राजाचे रूपगुण वर्णन केले. दुसरीच्या पित्याकडे जे अतिथी-अभ्यागत येत ते द्वारकेच्या यादवाची कीर्ती गात, आणि ती ते ऐके. दूर कोठे काही सुंदर आहे अशी वार्ता कुणीतरी आणून सांगितली, ऐकणारीने ती जिवाशी धरली, आणि त्यातून जे घडले त्यावर एकनाथांपासून रघुनाथपंडितापर्यंत मराठी कवींची लेखणी पोसली गेली.

प्रस्तुत पुस्तकाचा विषय वरकरणी याहून फार निराळा आहे. आंतरजालावर मनसोक्त भटकत असता जी चित्रे, जी भित्तिपत्रके, मूकपटांचे जे तुकडे, जुन्या जाहिरातींची जी अक्षरे, दिनदर्शिका आणि काड्यापेट्यांवरचे जे छापे नजरेस पडले, त्यांतील मनास भावले ते वेचून स्नेह्यांना दाखवण्याचा छंद संग्राहकाला जडला, आणि त्या छंदाचे हळूहळू एक बाड झाले. या कृतीला आज फारसे महत्त्व कोणी देणार नाही, कारण ती करत नाही असा मनुष्य शोधूनच काढावा लागेल. ज्याच्या हातात मोबाईल आहे तो सकाळपासून रात्रीपर्यंत कुणाला तरी काहीतरी पाठवीतच असतो. परंतु पाठवणे निराळे आणि दाखवणे निराळे. पाठवणारा आपल्या हातातील वस्तू पुढे ढकलून मोकळा होतो. दाखवणारा मात्र तिच्याशेजारी उभा राहतो, ती कोठे सापडली, कुणी केली, आपल्याला का आवडली हे सांगतो, आणि समोरच्याने शंका काढली तर उत्तर देण्याची जबाबदारी पत्करतो. या दुसऱ्या जातीची माणसे थोडी असतात. हा संग्रह त्यांच्यापैकी एकाचा आहे म्हणून त्याला प्रस्तावना लिहिण्याचे मी मान्य केले.

येथे हंसाविषयी एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. महाभारतातील नलोपाख्यानाचा हा पक्षी निरपेक्ष रसिक नव्हता. नलाने त्याला उपवनात पकडले होते, आणि 'मला सोड, मी दमयंतीपाशी तुझे असे वर्णन करीन की ती दुसऱ्या कुणाचा विचारही करणार नाही' असा करार करून त्याने आपला जीव वाचवला होता. म्हणजे त्याची ती सारी रसाळ जबानी मोबदल्यात दिलेली होती! ती खरी निघाली हे दमयंतीचे भाग्य. पण आज ज्या वस्तूची आपल्यापाशी स्तुती होते तिच्यामागे असा एखादा करार नाही ना, हे विचारण्याची सवय रसिकाने लावून घ्यावी, इतका बोध या कथेतून निघायला हरकत नसावी. रुक्मिणीचा पिता भीष्मक याच्या घरी आलेल्या अतिथींना श्रीकृष्णाकडून काही मिळायचे नव्हते. त्यांना जे आवडले ते त्यांनी गायिले, एवढेच. माझ्या मते दाखवण्याच्या या व्यवहाराचे खरे मूळपुरुष तेच होत, आणि त्यांची नावे भागवतकारांनी नोंदवून ठेवली नाहीत याची हळहळ वाटते.

दूरचे सुंदर वाचकाच्या दारी आणून टाकण्याचा उद्योग मराठीत आंतरजालाच्या फार आधी सुरू झाला, हे सांगण्यासाठी लांबचा फेरा घेण्याचे कारण नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली 'मनोरंजन' काढले आणि १९०९ मध्ये त्याचा पहिला दिवाळी अंक प्रसिद्ध केला; पुण्याच्या चित्रशाळेने १९१० पासून 'चित्रमयजगत्' चालवले, आणि त्याच्या गुळगुळीत पृष्ठांवरून परदेशातील इमारती, यंत्रे, चित्रे आणि पुतळे महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले. वऱ्हाडातील एखाद्या देशमुखाच्या वाड्यात या मासिकांच्या बांधीव फायली अजूनही आढळतात. त्या चाळताना असे दिसते की संपादकांना निवडीचा अभिमान होता आणि चित्राखाली चार ओळींचा मजकूर देण्यात ते कसूर करत नसत. तेवढे पुरे.

पण या संग्रहाचा गाभा ज्या वस्तूंनी व्यापला आहे, त्यांच्याविषयी मात्र सविस्तर लिहिणे प्राप्त आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईस शिळाछापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस हलवला, आणि काही वर्षांतच फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती सोपवला. या छापखान्यातून निघालेल्या चित्रांनी हिंदुस्थानच्या देवघरांचा आणि दिवाणखान्यांचा चेहराच बदलून टाकला. त्यांतील एक चित्र म्हणजे 'हंस-दमयंती'. कठड्याशी उभी असलेली, हंसाचे बोलणे ऐकता ऐकता स्वतःला विसरलेली ती विदर्भकन्या कोण ओळखत नाही? कुंडिनपूरची ही राजकन्या केरळातल्या चित्रकाराच्या कल्पनेत आकारली, महाराष्ट्रातील घाटमाथ्यावर जर्मन यंत्रावर छापली गेली, आणि तेथून किती गावांतल्या किती भिंतींवर लागली याची गणती नाही. हौशी गृहिणींनी तिच्या लुगड्यावर खरी जर टाकली, टिकल्या शिवल्या, मोती चिकटवले. कुणी ते चित्र काड्यापेटीवर उतरवले, तर कुणी औषधाच्या आणि साबणाच्या जाहिरातीत बसवले. रविवर्म्यांच्या नायिकांचे लुगडे नेसणे पुष्कळदा मराठी वळणाचे असते, हे जाणकारांनी दाखवून दिलेच आहे. तेव्हा विदर्भाच्या राजकन्येला मराठी वस्त्र मिळाले यात औचित्य आपोआपच साधले, असे म्हणून आपण वऱ्हाडवाले थोडे सुखावलो तर कुणी रागावू नये.

या छापील चित्रांच्या खालच्या कोऱ्या पट्टीत चित्राचे नाव आणि 'रविवर्मा प्रेस, कार्ले-लोणावळा' असा मजकूर छापलेला असे. ही पट्टी म्हणजे त्या चित्राचा दाखलाच. आता गंमत अशी की, भिंतीवर चौकटीत बसवताना सुताराने ही पट्टी कापली, आणि आज मोबाईलवरून ते चित्र फिरते तेव्हा पाठवणाऱ्याचे बोटही प्रथम तीच कापते. शंभर वर्षांत साधने पार बदलली, कात्री मात्र त्याच जागी चालते! मळवलीचा तो छापखाना १९७२ मध्ये आगीत भस्मसात झाला. जे शिळादगड आणि जी कागदपत्रे गेली ती गेली, आणि म्हणून जेथे जेथे पट्टीसकट एखादी प्रत शिल्लक असेल तेथे तिचे मोल चित्राइतकेच पट्टीलाही आहे. संग्राहकाने पट्टी असलेल्या प्रती आवर्जून शोधल्या आहेत, आणि जेथे ती मिळाली नाही तेथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

याच छापखान्याशी दादासाहेब फाळक्यांचा संबंध होता. ठसे तयार करण्याची विद्या त्यांनी तेथे वापरली, मग स्वतःचा छापखाना काढला, आणि त्यातून बाहेर पडल्यावर एके दिवशी मुंबईच्या एका तंबूत ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहून त्यांचे उर्वरित आयुष्य ठरून गेले. तो अनुभव त्यांनी १९१७ साली 'नवयुग' मासिकातील लेखात स्वतः सांगितला आहे. पडद्यावर ख्रिस्त पाहत असता मनाने ते राम-कृष्ण पाहत होते. आणि घरी येऊन त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंना सांगितले, दुसऱ्या खेळाला तिला बरोबर नेले. सापडलेली वस्तू दाखवायला ताबडतोब आपले माणूस शोधणे, या मनुष्यस्वभावाचा इतका फलदायी दाखला मराठी संस्कृतीच्या इतिहासात दुसरा क्वचितच सापडेल. सरस्वतीबाईंनी तो खेळ पाहिला, आणि पुढे दागिने गहाण पडले, घर प्रयोगशाळा झाले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

त्या चित्रपटाचा आज जो तुकडा आंतरजालावर सर्वत्र दिसतो, त्याची कथा संग्राहकाने यथायोग्य विस्ताराने दिली आहे. येथे तिचा सारांश पुरे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ साली झाली, आणि तेथे पी. के. नायर यांनी मूकपटांच्या शोधाला आपले आयुष्य वाहिले. काळोख्या चित्रपटगृहात बसून टिपणवहीत नोंदी करत राहणारा हा गृहस्थ या संग्रहाच्या नायकांपैकी एक आहे. 'राजा हरिश्चंद्रा'ची जी रिळे वाचली ती पहिली आणि शेवटची. परंतु ती १९१३ च्या मूळ चित्रपटाची, की फाळक्यांनीच १९१७ मध्ये नव्याने केलेल्या आवृत्तीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आंतरजालावर मात्र मतभेदाला जागा नाही. तेथे तो तुकडा 'भारताचा पहिला चित्रपट' या एकाच शीर्षकाखाली फिरतो. माझे स्वतःचे मत विचाराल तर वादाची नोंद ठेवून पाहिलेला तो तुकडा अधिक रंगतो. उपाहारगृहातून आणलेल्या पुरुषाने केलेली तारामती पाहताना, हा पहिला प्रयत्न की अनुभवाने सुधारलेला दुसरा, हा प्रश्न डोळ्यांना एक निराळीच जाग आणतो.

'कालिया मर्दन' (१९१९) मात्र पुष्कळ अंशाने शाबूत आहे, आणि फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने रंगवलेला बाळकृष्ण त्यात ज्या मोकळेपणाने वावरतो, तो पाहून ज्याच्या मुखावर हसू उमटणार नाही त्याच्यासाठी हा संग्रह नाही. कौंडण्यपूरकरांना आणखी एका चित्रपटाची आठवण करून देतो. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी १९४६ मध्ये 'रुक्मिणी स्वयंवर' काढला. चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतःच्या कुंचल्याने रंगवणारा, पडद्यांपासून कॅमेऱ्यापर्यंत सर्व स्वहस्ते घडवणारा हा कलावंत आमच्या नगरीच्या कथेकडे उतारवयात वळला. त्याच्या आरंभीच्या मूकपटांची भित्तिपत्रके या संग्रहात आहेत, आणि ती पाहताना चित्रपट व रेखन-कला यांच्यात भिंत घालण्याची आपली आजची सवय किती कृत्रिम आहे ते कळते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वस्तूसोबत कर्त्याचे नाव गेले पाहिजे, हा आग्रह पाश्चात्त्य कायद्याने शिकवलेला आहे असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. रुक्मिणीच्याच कथेवर तेराव्या शतकाच्या अखेरीस नरेंद्र कवीने 'रुक्मिणीस्वयंवर' रचले, तेव्हा देवगिरीच्या रामदेवरावाने ओवीगणिक सुवर्णनाणे देऊ करून त्या काव्यावर आपले नाव घालण्याची इच्छा दर्शवली, आणि नरेंद्राने, अशाने कविकुळाला बोल लागेल असे सांगून ती नाकारली, अशी हकीकत महानुभाव परंपरा सांगते. दरबारचे वैभव सोडून तो पंथाच्या आश्रयाला गेला. कर्त्याचे नाव पुसण्याचा सर्वांत मोठा देकार आणि त्याचा सर्वांत ठाम अव्हेर, दोन्ही आमच्या रुक्मिणीच्याच काव्याच्या निमित्ताने घडले, याला योगायोग म्हणावे की आणखी काही, हे वाचकाने ठरवावे.

आणि त्याच पंथाचे रिद्धपूर आमच्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात आहे. महदंबेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचले ते तेथेच, गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात. आणि म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले तेही तेथेच. म्हाइंभटाची पद्धत आजच्या कोणत्याही संग्राहकाने गिरवावी अशी आहे. ज्यांनी लीळा प्रत्यक्ष पाहिल्या त्यांच्याकडे तो जाई, विचारी, लिहून घेई. आणि सांगणाऱ्यांत मतभेद असेल तर अमक्याचा पाठ असा, तमकीचा पाठ असा, हे नोंदवण्याची जी शिस्त त्या परंपरेत रुजली, ती पुढच्या पिढ्यांनी पोथ्यांच्या नकला करताना सोडली नाही. परक्यांच्या धाडीत पोथी गेली तेव्हा स्मरणातून ती पुन्हा उभी करता आली, याचे श्रेयही या शिस्तीलाच दिले पाहिजे. पुढे मात्र याच पंथाने आपले धन सकळ लिपीच्या कुलपात ठेवले. ते इतके घट्ट बसले की विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे आणि यवतमाळचे य. खु. देशपांडे यांच्यासारख्या संशोधकांपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी माणसाला आपल्याच भाषेच्या आद्य गद्याचा पत्ता नव्हता. त्या गुप्ततेला छळाची आणि भीतीची कारणे होती, तेव्हा तिला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण जपणूक आणि प्रसार यांचा तोल कोणत्या बाजूला किती झुकला की काय हाती लागते, याचे दोन्ही टोकांचे नमुने एकाच जिल्ह्यात पाहायला मिळावेत हे विशेष. रिद्धपुरात आता मराठी भाषेचे विद्यापीठ झाले आहे. तेथील विद्यार्थ्यांनी म्हाइंभटाची ही शिस्त आंतरजालावरील वस्तूंना लावून पाहावी, अशी सूचना या निमित्ताने करून ठेवतो.

नोंदीची ही शिस्त आपल्या शेतीव्यवहारातही आहे. शेताचा तुकडा दहा हातांतून गेला तरी गाव नमुना सहामध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद असते: कोणी दिले, कोणी घेतले, कोणत्या तारखेस, कोणत्या कारणाने, आणि ती नोंद नसेल तर सातबाऱ्यावरचे नाव तलाठ्याच्या मर्जीवर राहते, हे कोणत्याही शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. चित्राच्या, अक्षराच्या आणि चित्रपटाच्या बाबतीत मात्र हाच सुज्ञ मनुष्य इतका उदार का होतो, हे कोडे मला उलगडलेले नाही.

अक्षरांचेच पाहा. वर्तमानपत्रांत मराठी नाटकांच्या ज्या जाहिराती येत, त्यांतील शीर्षकांना ज्यांनी एकेका नाटकाचा स्वभाव दिला, त्या कमल शेडगे यांचे नाव २०२० साली त्यांच्या निधनानंतर अनेकांनी पहिल्यांदा ऐकले. त्यांची अक्षरे मात्र या साऱ्यांनी आयुष्यभर पाहिली होती. संगणकावर देवनागरी वाचणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांखालून 'मंगल' हा टंक गेलेला आहे, पण तो र. कृ. जोशी यांनी रेखला हे किती जणांना ठाऊक आहे? आणि आज पुष्कळ मराठी मजकूर ज्या 'मुक्त' टंकात दिसतो तो मुंबईच्या 'एक टाइप' या चमूने केला आणि सर्वांना विनामूल्य दिला. अक्षरकार हा सर्व कलावंतांत सर्वाधिक पाहिला जाणारा आणि सर्वांत कमी ओळखला जाणारा मनुष्य होय. या संग्रहातील अक्षरांचे प्रकरण म्हणूनच मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि ते सर्वांत आखूड आहे अशी माझी संग्राहकाशी तक्रारही आहे.

दुसरी तक्रार निवडीविषयी. संग्राहकाला जुन्याचे वेड आहे, आणि धूळ बसलेल्या वस्तूकडे त्याचा हात आपसूक जातो. गेल्या दहा-वीस वर्षांत मराठी चित्रपटांची भित्तिपत्रके, पुस्तकांची मुखपृष्ठे, रॅपच्या गाण्यांच्या चित्रफिती यांत जे उत्तम घडले, त्याला येथे मोजकी पृष्ठे मिळाली आहेत. त्याचे म्हणणे असे की, हयात कर्त्यांची संमती घेणे आणि नाव नक्की करणे यांत वेळ जातो, आणि अर्धवट नोंद देण्यापेक्षा वस्तू गाळणे बरे. हे कारण मला पटते, तक्रार मात्र मी मागे घेत नाही. आवडलेल्या वस्तूचा आनंद नोंदींच्या ओझ्याखाली गुदमरेल अशी भीती ज्यांना वाटेल त्यांनी प्रथम केवळ चित्रे पाहावीत आणि मजकूर नंतर वाचावा. चित्रे वरच्या बाजूस आणि दाखले पानाच्या पायथ्याशी लहान टाइपात, ही मांडणी त्यांच्याच सोयीसाठी केली आहे.

सरतेशेवटी एका प्रकरणाकडे वाचकांचे, विशेषतः वऱ्हाडातील वयोवृद्ध वाचकांचे, लक्ष वेधायचे आहे. जत्रेतल्या तंबूच्या सिनेमासाठी गावोगावचे पेंटर कापडावर आणि पत्र्यावर नट-नट्यांच्या तसबिरी रंगवत, दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरच्या जाहिरातीही तेच लिहीत. त्यांच्या कामाची जी छायाचित्रे आंतरजालावर विखुरलेली सापडली ती या प्रकरणात एकत्र केली आहेत. यांतील बहुतेकांखाली 'कर्ता अज्ञात' असा शेरा आहे. कोपऱ्यात कधी एखादे आडनाव अर्धे पुसलेले दिसते, कधी 'आर्ट्स' एवढेच उरलेले असते. कौंडण्यपूरच्या कार्तिकी यात्रेला, अमरावतीच्या, अकोल्याच्या किंवा कारंज्याच्या बाजारात ज्यांनी ही माणसे शिडीवर उभी राहून रंगवताना पाहिली असतील, त्यांच्यासाठी त्या प्रत्येक चित्राखाली दोन ओळींची जागा कोरी सोडली आहे. ज्यांना नाव आठवेल त्यांनी ते शाईने तेथे लिहावे, खाली आपली सही करावी, आणि ते कोठून ठाऊक झाले तेही लिहावे. पुढील आवृत्ती निघाली तर त्या नोंदी तिच्यात जशाच्या तशा, सांगणाऱ्याच्या नावासह, छापल्या जातील असे संग्राहकाने कबूल केले आहे.